'परिपूर्ती'मध्ये न दिसलेल्या दोन मुली

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो: "जे माझ्या डेटामध्ये आलेलंच नाही, त्याबद्दल मी काही म्हणू शकतो का?" पुस्तकी उत्तर एका वाक्याचं आहे. एखादी गोष्ट दिसली नाही, यावरून ती तिथे नव्हती असं ठरत नाही. हे वाक्य तुम्हाला पाठ असेल. पीएचडीच्या मुलाखतीत विचारलं तर सांगालही. पण प्रत्यक्ष काम करताना ते फार सहज विसरलं जातं. म्हणून आज मी प्रयोगशाळेबाहेरचं उदाहरण घेते आहे: इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा निबंध.

विज्ञानाच्या विद्यार्थिनीने ललित निबंधाच्या वाटेला का जावं? एक कारण असं की तो लिहिणारी बाई स्वतः पक्की संशोधक होती. दुसरं असं की निबंध आईच्या अभिमानाबद्दल आहे, आणि त्याबद्दल दोन ठरलेली मतं ऐकू येतात. दोन्ही मतं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण पद्धतीच्या बाबतीत दोन्ही एकाच जागी घसरतात. ती जागा नीट ओळखता आली, तर तुमचा पुढचा साहित्य आढावा नक्की सुधारेल.

आधी लेखिका

इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, तोही ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावदी नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. माहेरचं आडनाव करमरकर. शाळा पुण्यात हुजूरपागेत, कॉलेज फर्ग्युसन, मग मुंबईला गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी, म्हणजे महर्षी कर्वे यांची सून. त्यानंतर बर्लिनला जाऊन डॉक्टरेट.

त्या डॉक्टरेटचा विषय लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक, असा तो विषय होता. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशांमध्ये उच्चनीच मानणारे. अशा माणसाच्या हाताखाली काम करून इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि कवटीतली असमानता वंशाशी जोडता येत नाही, असं लिहून दिलं. मार्गदर्शकाला अपेक्षित असलेला फरक डेटामध्ये नाही, हे सांगायला किती धैर्य लागतं, ते ज्यांनी एकदा तरी गाइडसमोर आलेख ठेवला आहे त्यांनाच कळेल.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. पुढे 'युगान्त' आलं आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. 'परिपूर्ती' हा ललित लेखांचा संग्रह त्याच्या बराच आधीचा, १९४९ चा.

निबंधात काय घडतं

थोडक्यात सांगते. मूळ निबंध तुम्ही वाचाच, पाचसात पानांचा आहे. एका कार्यक्रमात लेखिकेची ओळख करून दिली जाते. ती सासर, नवरा, घराणं अशा नामांकित माणसांच्या आधाराने. ओळख चांगली असते, खोटं त्यात काही नसतं, तरी तिला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पुढे रस्त्याने जाताना काही शाळकरी मुलं तिला पाहतात आणि आपसांत बोलतात: ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. ते कानावर पडतं आणि तिला वाटतं, आता ओळख पुरी झाली. हीच परिपूर्ती.

यावरचं पहिलं ठरलेलं वाचन असं: एवढी विदुषी, बर्लिनची डॉक्टर, पण शेवटी तिचंही मन आईचंच. मातृत्वातच बाईच्या आयुष्याची पूर्णता. हे वाचन भाषणांमध्ये आणि मदर्स डेच्या फॉरवर्डमध्ये चालतं.

दुसरं वाचन रागाचं आहे: एवढी विदुषी आणि तिला सुद्धा पूर्ण वाटायला मुलगाच लागला! सून, बायको, मुलग्याची आई, सगळ्या पायऱ्या पुरुषांच्याच. हे वाचन सेमिनारमध्ये चालतं. मलाही पहिल्या वाचनापेक्षा हेच जवळचं वाटतं, हे लपवत नाही.

आता पद्धत बघा. दोघंही निबंधाला लेखिकेच्या मनाचं थर्मामीटर समजतात. निबंधात मुलाचा उल्लेख आहे, म्हणजे मनात मुलाचा अभिमान होता. मुलींचा नाही, म्हणजे तो नव्हता किंवा कमी होता. पहिला गट यावर खूश होतो, दुसरा चिडतो. नोंद आणि वास्तव यांच्यामध्ये एक मोजमापाचं साधन असतं, ते साधन दोघांनाही दिसत नाही.

त्या दोन मुली

इरावतीबाईंना तीन मुलं. मधले आनंद, जे पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि ग्रामीण तंत्रज्ञानातल्या कामासाठी ओळखले जातात. मोठ्या जाई, जन्म १९३२. धाकट्या गौरी, जन्म १९४२. संग्रह छापून आला तेव्हा एक सतरा वर्षांची आणि दुसरी सात.

जाई लग्नानंतर निंबकर झाल्या, फलटणला राहिल्या आणि त्यांनी इंग्रजीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. गौरी म्हणजे गौरी देशपांडे. 'एकेक पान गळावया', 'तेरुओ', 'गोफ' लिहिणाऱ्या. त्यांनी इंग्रजीत कविता लिहिल्या, अरेबियन नाइट्स मराठीत आणलं, आणि घर, लग्न, आईपण या चौकटीत न मावणाऱ्या नायिका मराठीला दिल्या. आईच्या हयातीतच, १९६८ मध्ये, गौरींचा पहिला इंग्रजी कवितासंग्रह आला. इरावतीबाई गेल्या ऑगस्ट १९७० मध्ये.

म्हणजे मराठी घरातल्या एका आईला दोन लेखिका मुली, हे काही रोजचं दृश्य नव्हे. आणि आईच्या अभिमानावरचा आपल्याकडचा बहुधा सगळ्यात प्रसिद्ध निबंध याच आईने लिहिलेला आहे. त्याचा शेवट मात्र मुलाच्या वर्गमित्रांवर होतो.

इथे दाव्याची मर्यादा आखून घेऊ. मी एका निबंधाच्या शेवटाबद्दल बोलते आहे, इरावतीबाईंच्या सगळ्या लेखनाबद्दल किंवा त्यांच्या घरातल्या वागण्याबद्दल नाही. 'इरावतीबाईंना मुलींचा अभिमान नव्हता' हे वाक्य या पुराव्यावर कुणालाच लिहिता येणार नाही. 'होता' हेही नाही.

चिखलातले खेकडे

माझं स्वतःचं काम खाडीतल्या चिखलावर आहे. मी मुर्ध्याची, म्हणजे भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना लागतं ते गाव. राई, मुर्धा, मोर्वा अशी गावं ओळीने आहेत, बाजूला मिठागरं, खाडी आणि तिवरं. तिवरांच्या कडेच्या चिखलात एक छोटा खेकडा असतो, इंग्रजीत त्याला फिडलर क्रॅब म्हणतात. नराची एक नांगी अवाढव्य, कधीकधी अंगाएवढी, आणि ती तो सारखी वर-खाली हलवत असतो. मादीच्या दोन्ही नांग्या लहान. रंगही बहुधा चिखलाच्या जवळचा.

भरतीच्या वेळी गेलात तर तुमच्या वहीत शून्य खेकडे. सगळे बिळात. ओहोटीला गेलात आणि कडेला उभं राहून दुर्बिणीने मोजलंत, तर नर भरपूर, माद्या थोड्या. चौकट टाकून बिळं उकरून मोजलंत, तर माद्यांचा आकडा वर जातो. चिखल तोच, खेकडे तेच, बदललं काय? मोजायची पद्धत. हलणारी मोठी नांगी डोळ्याला आधी दिसते, इतकंच.

परिसंस्थाशास्त्रात याला 'नोंदीची शक्यता' म्हणजे डिटेक्शन प्रॉबेबिलिटी म्हणतात. आपल्या वहीतला आकडा हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: खरोखर किती आहेत, आणि असलेल्यांपैकी किती आपल्याला दिसू शकतात. दुसरा घटक मोजल्याशिवाय पहिल्याबद्दल बोलणं म्हणजे अंधारात बाण मारणं.

आता हेच चष्मे लावून परत निबंधाकडे येऊ.

रस्ता हे साधन

निबंधात ओळख दोन ठिकाणी मिळते. एक व्यासपीठावर, दुसरी रस्त्यावर. लेखिकेला दुसरी जास्त खरी वाटते, आणि संशोधक म्हणून तिचं बरोबर आहे. व्यासपीठावरची ओळख मागून, ठरवून, औपचारिकपणे दिलेली असते. पोरं आपसांत जे बोलतात ते कुणी विचारलेलं नसतं. न विचारता मिळालेल्या नोंदीला क्षेत्रकार्यात मोठी किंमत असते. ज्या बाईने गावोगावी फिरून माणसं मोजली, नात्यांचे शब्द गोळा केले, तिला हा फरक न कळता तरच नवल. निबंधाची ताकद इथे आहे, आणि कौतुक करणारे नेमकं हेच सोडून भलत्याच गोष्टीचं कौतुक करतात.

पण रस्ता हेसुद्धा एक साधन आहे. आणि प्रत्येक साधनाप्रमाणे ते काही गोष्टी पकडतं, काही सोडतं.

रस्त्यावर कोण आहे? मुलगे. मुलगे एकमेकांना काय हाक मारतात? आडनावाने. जोशीचा जोश्या, कर्वेचा कर्व्या. त्यामुळे आईची ओळख होते कर्व्याची आई. आता कल्पना करा की त्याच रस्त्याने जाईच्या वर्गातल्या मुली चालल्या आहेत. मुली एकमेकींना आडनावाने हाक मारत नाहीत, नावाने मारतात. त्या म्हणतील, "ती बघ, जाईची आई."

हे दोन शब्दप्रयोग शेजारी ठेवा. कर्व्यांची सून. कर्व्यांची बायको. कर्व्याची आई. जाईची आई.

पहिल्या तिन्हींत 'कर्वे' आहे. चौथ्यात नाही. म्हणजे निबंधातल्या दोन ओळखी, व्यासपीठावरची आणि रस्त्यावरची, वरवर अगदी विरुद्ध वाटतात. एक भारदस्त, दुसरी घरगुती. पण दोन्ही एकाच घराण्याच्या नावावर उभ्या आहेत. घराण्याचं नाव न घेता त्या बाईला हाक मारणारी ओळख फक्त मुलीकडून येऊ शकली असती. आणि नेमकी तीच निबंधाच्या रस्त्यावर ऐकू येत नाही.

रागाच्या वाचनाला मी इथे एक दुरुस्ती सुचवते. 'तिला मुलगाच लागला' असं म्हणून आपण दोष एका आईच्या मनाला देतो. खरी अडचण नावं ठेवण्याच्या आणि हाका मारण्याच्या व्यवस्थेत आहे. मुलगा आईचं (म्हणजे वडलांचं) आडनाव आयुष्यभर वागवतो, म्हणून 'अमक्याची आई' ही ओळख चाळीस वर्षांनीही जुळते. मुलीचं आडनाव बदलतं आणि धागा तुटतो. पुस्तकाच्या कपाटात कर्वे, निंबकर आणि देशपांडे तीन वेगळ्या कप्प्यांत जातात. अनेक वाचकांना गौरी देशपांडे या इरावती कर्व्यांच्या कन्या, हे कुणीतरी मुद्दाम सांगावं लागतं. अभिमान असो वा नसो, तो नोंदवायला रकानाच नाही.

ही गोष्ट जुनीच आहे. महाभारतात अर्जुन कौन्तेय आणि पार्थ, कर्ण राधेय. म्हणजे मुलग्यांच्या नावात आई जिवंत राहते. गांधारीला शंभर मुलांखेरीज एक मुलगी होती, दुःशला. कथेत ती आपल्याला भेटते ती मुख्यतः जयद्रथाची बायको म्हणून. तिच्या नावावरून गांधारीला कुणी हाक मारत नाही.

उलट बाजूचा मोह

इथवर पटलं असेल तर आता सावध व्हा. कारण पुढची चूक अगदी गोड आहे.

ती अशी: "दोन्ही मुली लेखिका झाल्या. म्हणजे आईने त्यांना वाढवलं, त्यांचा अभिमान बाळगला, निबंधात नसलं म्हणून काय झालं!" ऐकायला छान आहे, पण पुरावा म्हणून कच्चं. मुलींचं यश आणि आईचा अभिमान या दोन वेगळ्या राशी आहेत. ज्यांच्या आईने पाठीवर हात ठेवला नाही तरी ज्या पुढे गेल्या, अशा मुली असतात. आणि जिचा आईला पराकोटीचा अभिमान होता पण जिच्या हातून पुस्तक, पदवी, नोकरी काहीच झालं नाही, अशा मुली तर कितीतरी. त्या कुठल्याच कपाटात नाहीत, म्हणून आपल्या नमुन्यातही येत नाहीत. यशस्वी मुलींवरून मागे जाऊन आयांचं मन ठरवणं म्हणजे फक्त तरलेल्यांना मोजून पुराचा अंदाज करणं.

मग करायचं काय? दुसरं साधन शोधायचं. इरावतीबाईंच्या बाबतीत असं एक साधन अलीकडे मिळालं आहे. २०२४ मध्ये 'इरू' हे त्यांचं इंग्रजी चरित्र आलं. त्याच्या दोन लेखकांपैकी ऊर्मिला देशपांडे या गौरींच्या कन्या, म्हणजे इरावतीबाईंची नात. दुसरे लेखक थिआगो पिंटो बार्बोझा यांनी इरावतीबाईंच्या मानववंशशास्त्रावर संशोधन केलं आहे. वाचताना दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवायच्या. नात आतली आहे, म्हणून तिला बाहेरच्याला न दिसणारं दिसतं. आणि नात आतली आहे, म्हणूनच तिची आठवण ही सुद्धा मुलाखतीसारखीच तपासून घ्यायची नोंद आहे. एका साधनाची आंधळी जागा दुसऱ्याने झाकायची. दोघांचं जुळलं तर दावा पक्का, नाही जुळलं तर प्रश्न आणखी चांगला.

साधन मुद्दाम मुलींसाठी बनवलं तर काय दिसू शकतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण सांगते. १९९३ च्या कायद्यानंतर ग्रामपंचायतींत प्रमुखाची काही पदं आळीपाळीने स्त्रियांसाठी राखीव झाली, आणि पश्चिम बंगालमध्ये ती गावं यादृच्छिक पद्धतीने ठरत होती. बीमन, डफ्लो, पांडे आणि टोपालोव्हा यांनी तिथल्या ४९५ गावांत ११ ते १५ वयाच्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना प्रश्न विचारले. मुलाने पुढे काय व्हावं, मुलीने पुढे काय व्हावं, दोन्ही वेगवेगळं विचारलं. २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला निष्कर्ष असा: जिथे सलग दोन निवडणुकांत पद स्त्रीसाठी राखीव राहिलं, तिथे मुलगे आणि मुली यांच्या स्वतःबद्दलच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली. पालकांच्या अपेक्षांमधली दरीही घटली. यात आपल्यासाठी धडा प्रश्नावलीचा आहे. 'तुमच्या मुलांनी काय व्हावं?' असा एकच प्रश्न विचारला असता, तर बहुतेकांनी मुलग्याचंच उत्तर दिलं असतं आणि मुली पुन्हा बिळात राहिल्या असत्या.

मग निबंधावर माझी टीका कोणती?

साधनाची बाजू एवढी मांडल्यावर इरावतीबाई सुटल्या, असं नाही. उलट माझी तक्रार त्यांच्या संशोधकपणाशी आहे.

नात्यांच्या शब्दांवर त्यांचा अधिकार होता. एकच बाई माहेरी मुलगी म्हणून कशी वावरते आणि सासरी सून म्हणून कशी, शब्द कसे माणसाला जागा नेमून देतात, हे त्यांनी पुढे ग्रंथभर मांडलं. रस्त्यावरची हाक कुणाला पकडते आणि कुणाला सोडते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तरीही निबंध तिथे थांबतो. आनंद होतो, तो प्रामाणिक आहे, त्यावर माझा काडीचा आक्षेप नाही. आक्षेप शीर्षकावर आहे. 'परिपूर्ती' म्हणजे पूर्णत्व, यापुढे काही उरलं नाही. एका घडलेल्या प्रसंगावरून एवढा मोठा शब्द. प्रबंधाच्या भाषेत सांगायचं तर निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा झाला आहे. तीन मुलांच्या आईची ओळख एका मुलाने पुरी होते, हे वाक्य जिने वंशवादी मार्गदर्शकापुढे 'फरक सापडला नाही' असं लिहिलं, तिने एकदा तरी थांबून तपासायला हवं होतं. घरात एक मुलगी वयात येत होती आणि दुसरी अक्षरं गिरवत होती. त्या दोघींच्या नावाने तिला कुणी ओळखेल का, हा प्रश्न त्या शेवटात एक ओळ मागत होता.

ती ओळ असती, तर निबंध कदाचित कमी गोड झाला असता आणि जास्त टिकला असता.

मुर्ध्यात आज काय ऐकू येतं

सत्तर-पंचाहत्तर वर्षांत साधन बदललं आहे का? थोडं बदललंय.

आमच्या गल्लीतल्या कुठल्याही आईचा मोबाइल घ्या. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे बाकीच्या आयांचे नंबर कसे सेव्ह असतात? 'आर्या मम्मी', 'स्वरा मम्मी'. मुलगा असो की मुलगी, पाल्याचं नाव आणि पुढे मम्मी. आडनाव नाही, घराणं नाही. 'जाईची आई' हा जो रकाना पुण्याच्या त्या रस्त्यावर नव्हता, तो इथे आपोआप तयार झाला आहे. अर्थात त्याची किंमतही आहे, कारण त्या बाईचं स्वतःचं नाव यादीत कुठेच नसतं.

माझी आई दोन मुलींची आई. आम्हा दोघींना वाढताना बघण्यात तिचा जन्म गेला म्हणा. मला फेलोशिप मिळाली तेव्हा अभिनंदनं बाबांच्या नावाने झाली; 'अमक्यांची मुलगी पीएचडी करते' असं. आईकडे त्यासाठी वाक्यच नव्हतं, तर तिने स्वतःचं बनवलं. भाईंदरच्या बाजारात म्हावरं घेताना ती सांगते, "माझी मोठी खेकडे खात नाय, मोजते." कोळीण हसते, आई दुप्पट हसते. त्या हसण्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे. पण कुठल्या सर्वेक्षणात 'तुम्हाला मुलीचा अभिमान वाटतो का' असं तिला विचारलंत, तर ती म्हणेल, "त्यात काय एवढं?" आणि तुमच्या तक्त्यात उत्तर जाईल 'तटस्थ'.

सरकारी कागदही हलू लागले आहेत. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव, असा क्रम सरकारने ठरवला आहे. कुन्तीचा नियम आता मुलींनाही लागू झाला म्हणायचा.

आणि आपल्या क्षेत्रात? लग्नानंतर आडनाव बदललं की एका बाईचे शोधनिबंध दोन नावांत विभागले जातात, उद्धरणं फुटतात, अर्जात 'ही मीच' असं समजावत बसावं लागतं. यासाठी २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक आहे. नाव कितीदाही बदला, क्रमांक तोच. फुकट आहे, दहा मिनिटांत मिळतो. ज्यांनी अजून काढला नाही, त्यांनी आज काढा, पहिला निबंध छापून यायच्या आधी. आपल्या नोंदीचं साधन आपणच नीट ठेवलेलं बरं.

तुमच्या कामासाठी तीन प्रश्न

कुठलाही निबंध, प्रश्नावली, जुनी कागदपत्रं, तपासणीचा अहवाल हातात घेतलात की हे तीन प्रश्न समासात लिहा.

एक: ही नोंद कुणी केली आणि कुणाच्या तोंडून? शाळकरी मुलग्यांच्या तोंडून मुलींच्या आईबद्दल कळणार नाही, हे उघड दिसायला हवं.

दोन: मला जे दिसत नाही ते असतं, तर या साधनात ते दिसलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर त्याच्या अभावाला अर्थ आहे. 'नाही' असेल तर गप्प बसा आणि दुसरं साधन शोधा.

तीन: माझा निष्कर्षाचा शब्द पुराव्याच्या मापाचा आहे का? 'काही प्रमाणात', 'या नमुन्यात', 'या निबंधाच्या शेवटी' असे शब्द लाजिरवाणे नसतात. 'परिपूर्ती'सारखा शब्द मात्र फार जपून वापरावा.

सराव म्हणून 'परिपूर्ती' वाचा, आणि शेवटचा परिच्छेद तुम्ही जाईच्या वर्गातल्या मुलींना त्या रस्त्यावर आणून पुन्हा लिहा. आणखी काहीही बदलायचं नाही. त्या एका बदलाने कुठली वाक्यं उभी राहतात आणि कुठली कोसळतात ते बघा. जी कोसळतील, ती आईच्या मनाबद्दल काही सांगत नव्हती. रस्त्याबद्दल सांगत होती.